रंगनाथनानांचं पाठीचं गार्ड

रंगनाथनाना मोटारसायकल चालवतात ती मागं बघत. गाडीचं तोंड वडीगोद्रीकडं आणि नानांचं अंबडकडं. वेग एवढाच की शेजारून शेळी निघून जाते. का हो नाना, असं विचारलं की म्हणतात, "म्होरला तर दिसतोच. गोम मागच्यात असती."

गोम हा त्यांचा लाडका शब्द. घराणं मेंढरा-गुरांचं, जनावर घेताना अंगावर केसांचा खोटा भोवरा आहे का, ते बघायची पिढ्यांची सवय. जनावरं गेली, शेती आली, पण नाना गोम शोधायचे थांबले नाहीत. दूधवाल्यात गोम, मोबाइलच्या मेसेजमध्ये गोम, फुकट मिळालेल्या कॅलेंडरात तर हमखास गोम. माझं रस्त्याकडंला सीट कव्हर, हेल्मेटचं दुकान आहे आणि नाना मागच्याच घरात राहतात. माझी हेल्मेटं ते नारळासारखी कानाशी धरून हलवून बघतात आणि परत ठेवून देतात. आजवर साधा आरसा घेतला नव्हता माझ्याकडून.

तर हा माणूस एका दुपारी दुकानात आला, रस्त्यावर नजर टाकली, माझं शटर स्वतःच्या हातानं अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, "पाठीचं गार्ड दाखव."

आता संशय मला आला. पडल्यावर मणका वाचवणारं हे गार्ड घेतात मोटारसायकलवर लडाखला निघालेली पोरं. नानांचा लडाख म्हणजे अंबडचा बाजार. आणि शटर ओढून काय लपतं? चहाच्या टपरीवर तासाभरात बोभाटा झाला. नानांचा चुलतभावाशी बांधावरून वाद चाललाय, तेव्हा नानांच्या पाठीत काठी बसणार आणि त्याची ही तयारी, असा गावाचा निकाल लागला. संध्याकाळी तो चुलतभाऊच दुकानात आला. नानांनी काय पाहिलं, काय नाही, खोदून खोदून विचारलं, आणि जाता जाता हळूच म्हणाला, आमच्या मापाचंबी आहे का एखादं?

नाना मात्र रोज येऊ लागले. कडक पट्ट्यांचं गार्ड दाखवलं तर म्हणाले, तुटलं की हेच टोचंल. मग मऊ फोमचं काढलं. हे हाताला मऊ लागतं, पण मार बसला की जागीच कडक होतं, असं मी समजावलं. नानांनी ते दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "आमचा व्याही बी तसाच हाय. भरोसा न्हाई ठेवत म्या."

शेवटी ते माझ्याच अंगावर चढवायला लावलं. बाजारात एडका बघावा तसा मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. मग पाऊसपाणी, भावकी अशा गप्पा काढल्या. मी रंगात आलो आणि पाठीत धाडकन काहीतरी बसलं. टॉवेलात गुंडाळून घरचा बत्ता आणला होता या सद्गृहस्थानं! मी ओरडलो. काही झालं नव्हतं, पण ओरडायचा माझा हक्क होता. सांगून तरी मारायचं, म्हटलं.

"सांगून मारलं तर अंग धरशील तू," नाना म्हणाले. "पडणारं माणूस काय सांगून पडतं? खरं सांग, लागलं का?"

नाही म्हटलं. तरी परत विचारलं, परत विचारलं. माझ्या शब्दावर भरोसा नाही असं वाटून मी चिडलो. म्हटलं, घ्यायचं असेल तर पाठीचं माप द्या आणि मला मोकळं करा. मी टेप काढली तर नानांनी खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतचं माप म्हणे तयारच आहे. मी ती त्यांच्या पाठीला लावली. चांगली चार बोटं आखूड भरली.

"नाना, हे माप तुमचं नाही. कुणाचंय?" आणि माझी जीभ चावटच. या वयात काय भानगड, असंही म्हणून गेलो.

नाना स्टुलावर बसले. मागं न बघता बोलू लागले. मागच्या साली बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, माहेरी धावड्याला घेऊन निघाले होते. एक गाडी लांबपासून मागंच. नानांना वाटलं, यात गोम हाय. मान मागं, अन् समोरचा गतिरोधक दिसलाच नाही. काकू पाठीवर पडल्या. महिनोन्‌महिने अंथरुणावर होत्या. आणि मागच्या गाडीवाल्यानंच त्यांना आधी उचललं, पाणी पाजलं. बिचारा आपल्या वाटेनं चालला होता. तेव्हापासून काकू नानांच्या गाडीवर बसल्या नाहीत. धावड्याला आई अगदी थकलीय, लेकीची वाट बघून राह्यली. एसटीत चढउतार करणं काकूंच्या पाठीला झेपत नाही.

"जल्मभर म्या कुणावर भरोसा ठेवला न्हाई, त्याचं काही वाटलं न्हाई," नाना म्हणाले. "पण ती माझ्यावर ठेवीत न्हाई, ते काही सोसवंना."

सुतळीचं माप त्यांनी काकू पाठमोऱ्या बसून भाकरी थापत असताना घेतलं होतं, चोरून. मी मुकाट्यानं लहान मापाचं गार्ड काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना काकूंना घेऊन आले. काकूंना सगळं माहीत होतं. हे मागं सुतळी धरून उभे होते ते मला काय कळलं नसंल, म्हणाल्या. गार्ड चढवलं, वरून पदर घेतला, हेल्मेट घातलं. बत्ता-बित्ता काही मारून पाहिला नाही. गाडीजवळ गेल्या, पण बसल्या नाहीत. नाना हँडल धरून उभे. एवढा घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"पाठीचं झालं," काकू म्हणाल्या. "आता माझं ऐका. तुमी म्होरं बघायचं. मागचं मी बघते."

ज्यानं मागची बाजू कधी देवाच्याही हवाली केली नाही, त्याच्याकडं बाईनं नेमकं तेच मागितलं. मग नाना हळूच म्हणाले, "बिलकुल." काकू बसल्या. नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी रस्त्याला लागली आणि मला दिसलं, गार्डचं वॉरंटी कार्ड काउंटरवरच राहिलंय. मी मोठ्यानं हाक मारली. एरवी अर्ध्या हाकेला नानांची मान गर्रकन फिरली असती. आताही ती हलली, मी डोळ्यांनी पाहिली. पण वळली नाही.

वळल्या त्या काकू. मला खालून वर असं न्याहाळलं की नानांची बायको शोभली. मग नानांच्या कानाशी वाकून म्हणाल्या ते मलाही ऐकू आलं, "काही न्हाई. आपलाच पोरगा हाय. चला."

आणि नाना म्होरं बघत चालले.