शेवटच्या पायरीवरचं सैन्य

शुक्रवारी संध्याकाळी चेन्नईतल्या गिंडीच्या कारखान्यातून घरी येऊन उदयसिंहनं कपाट उघडलं, तर आत त्याचं सैन्य नव्हतं. वीस शिपाई, चार इमारती, चहाची टपरी, ट्रान्सफॉर्मर आणि एक शेअर ऑटो, असा जवळजवळ अख्खा रस्ता खालच्या कप्प्यातून नाहीसा झाला होता. उरला होता तो नियमांचा चौसष्ट पानी गठ्ठा, कारण तो कोणालाच नको होता.

उदयसिंह कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासायचा. दिवसभर मोजमाप करायचं आणि मोजता मोजता स्वप्नात जायचं, ही त्याची रीत होती. त्या स्वप्नात तो अंगठ्याएवढा व्हायचा आणि वेलचेरीतल्यासारख्या एका रस्त्यावर टपरीच्या आडोशाला उभा राहायचा. तीन वर्षं तो टेबलावर मांडायचा युद्धाचा खेळ बनवत होता. आजच्या काळातलं शहर, दहा-दहा जणांच्या दोन तुकड्या, रस्त्यात अडकलेली साधी माणसं. शिपाई केसाएवढ्या बारीक ब्रशनं त्यानं स्वतः रंगवले होते. कॅप्टनच्या मनगटावर घड्याळसुद्धा होतं, आणि ते भिंगातून पाहिलं तर सव्वापाच वाजलेले दिसत.

या खेळाचं नशीब उद्या ठरणार होतं. बेंगळुरूला राघोत्तम नावाचे गृहस्थ असे खेळ छापत. उदयसिंहनं पाठवलेले नियम वाचून त्यांनी उलट कळवलं होतं की अठराव्या पानावर त्यांना झोप लागली. तरी माणूस सज्जन होता. शनिवारी ते कामासाठी चेन्नईत येणार होते. ज्यानं हा खेळ कधीच पाहिलेला नाही अशा माणसाला तो दहा मिनिटांत समजला आणि तासाभरात संपला, तर छापीन, नाहीतर पुन्हा पत्र पाठवू नका, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. चार वाजता पेरुंगुडीच्या एका हॉटेलात भेटायचं ठरलं होतं. कधीच न पाहिलेला माणूस म्हणून उदयसिंहनं कारखान्यातल्या गुरुमूर्तीची तीन आठवडे कसून तयारी करून घेतली होती.

सैन्य कुठे गेलं ते कळायला त्याला फार शोधावं लागलं नाही. दिवाणखान्यात नवरात्राचा कोलू मांडून झाला होता. सात पायऱ्या, त्यांवर पांढरं धोतर, वरच्या पायरीवर कलश आणि खाली ओळीनं देवादिकांच्या बाहुल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर त्याचा रस्ता होता. इमारतींच्या गच्च्यांवर, कोपऱ्यांवर, ट्रान्सफॉर्मरच्या मागे त्याचे शिपाई बंदुका रोखून उभे होते. प्रत्येकाच्या कपाळावर कुंकू आणि हेल्मेटवर जरीची पगडी होती. टपरीत दरवर्षीचा मातीचा चेट्टियार वाणी बसला होता. तो वीतभर उंच असल्यानं टपरी त्याच्या मांडीखाली आली होती.

"आई, हे काय?" उदयसिंह म्हणाला.

"नवी बाहुली न ठेवतां कोलू मांडूं नये रे," अन्नपूर्णाबाई समईची वात सारत म्हणाल्या. "माझा गुडघा हा असा. मैलापुरच्या बाजारास कोण जाईल? तुज कपाटांत हे असके, वीसच्या वीस, पडून होते. आणि डोक्यास भांडं उपडं घालून युद्धास कोण जातं? मज बघवलं नाही. जुन्या रेशमी पट्टुसाडीची जर होती."

पगड्या कशानं चिकटवल्या, हे त्यानं विचारलं. भातानं, असं उत्तर मिळालं.

तो शिपाई उचलायला वाकला आणि अन्नपूर्णाबाईंनी त्याचं मनगट धरलं. कलश बसला, आरती झाली, आता दशमीपर्यंत एकही बाहुली जागची हलणार नव्हती. तंजावरहून आलेल्या त्यांच्या घरात चार पिढ्या तसं कधी झालं नव्हतं. उदयसिंहनं विनवण्या केल्या, तीन वर्षांचा हिशेब सांगितला, शेवटी फक्त कॅप्टन तरी दे म्हणाला. अन्नपूर्णाबाई ऐकत होत्या आणि वात सारत होत्या.

मग त्यानं बायकोकडे पाहिलं. देविका साताऱ्याची. ती सासूबाईंशी कोलूवरून वाद घालेल अशी त्याला आशा होती.

"मी मध्ये पडणार नाही हं," ती म्हणाली. "पगड्या कापायला मीच बसले होते. त्या राघोत्तमनाच इकडे बोलाव ना."

दुसरा उपायही नव्हता. राघोत्तमनी सहाची गाडी असल्याचं कळवून होकार दिला. गुरुमूर्तीला बोलवायला गेलं तर तो नवरात्रासाठी गावी निघून गेला होता. तीन आठवडे शिकवलेला अजाण माणूसही हातचा गेला.

शनिवारी चारला राघोत्तम आले, आणि त्यांच्या पाठोपाठ हळदीकुंकवाच्या बायका. नवरात्रातला शनिवार म्हटल्यावर दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. राघोत्तम दारातच अवघडून उभे राहिले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांचं नाव ऐकलं, चेहरा निरखला आणि थेट विचारलं, "कोणांतले तुम्ही?"

"आमचे आजोबा कुंभकोणचे," राघोत्तम म्हणाले आणि तेही तंजावरी मराठीतच. "घरांत हीच भाषा, अम्मा."

त्यानंतर त्यांना कोणी सोडणं शक्यच नव्हतं. त्यांना कोलूसमोर पाटावर बसवलं, हातात सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी दिली आणि कुंभकोणच्या कुठल्या गल्लीतले, इथपासून चौकशी सुरू झाली. घड्याळात साडेचार वाजले. खेळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा उदयसिंहनं शेवटच्या पायरीकडे बोट दाखवलं.

तो समजावू लागला. हा शिपाई इथून सहा इंच सरकला असता, मग त्याला समोरचा दिसला असता, मग अर्ध्या आडोशाचे दोन गुण वजा झाले असते. पण सरकवता काहीच येत नव्हतं. त्यानं सुंडलमधला एक हरभरा उचलून रस्त्यावर ठेवला आणि हा शिपाई समजा म्हणाला. राघोत्तमनी समजण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. अडतिसाव्या नियमाशी त्यांनी हळूच घड्याळ पाहिलं.

उदयसिंहला ते दिसलं. त्यानं पुढचा नियम सोडून दिला. समईच्या उजेडात त्याचा रस्ता झगमगत होता आणि नेहमीसारखा तो त्यात उतरला. गच्चीवरचे पगडीवाले खाली बघत होते, कोणी हलत नव्हतं, आणि टपरीपाशी तो एकटा हरभरा भेदरून उभा होता. इतकं सुंदर आणि इतकं निरुपयोगी त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले.

"शिपायानं हलावं कशास?" अन्नपूर्णाबाई मागून म्हणाल्या. "तो पहारा देतो. हलतात ती माणसं." त्यांनी वाटीतून आणखी चार काळे हरभरे घेऊन पहिल्याशेजारी ठेवले. "हे पाच घरीं जायचे. त्या टोकास. कोणी पाहूं नये."

"पण पाहिलं हे कसं कळणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या अलमेलू मामींनी तमिळमध्ये विचारलं. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला ही शंका येणारच. त्यांनी केसातल्या गजऱ्याची दोन फुलं ओढून दोरा मोकळा केला, एक टोक शिपायाच्या डोळ्याशी धरलं, दुसरं हरभऱ्याशी. मध्ये काही आडवं आलं नाही तर दिसला. एकीकडचे दहा शिपाई त्यांनी आपले ठरवले, स्वतःच्या घरून आणलेले पाच पांढरे हरभरे समोरच्या टोकाला मांडले, आणि दिसेल तो हरभरा खाऊन टाकायचा, असंही जाहीर केलं.

पुढची वीस मिनिटं दिवाणखान्यात कुंकू कोणी लावून घेतलं नाही. अन्नपूर्णाबाईंचा पहिला हरभरा ट्रान्सफॉर्मरजवळ पकडला गेला आणि मामींनी तो डोळे मिटून चावला. मग अन्नपूर्णाबाईंच्या लक्षात आलं की चेट्टियारच्या पोटामागे असलेला हरभरा कुठल्याही गच्चीवरून दिसत नाही. त्यांनी दोन तिथे दडवले. मामींनी शेअर ऑटोचा आडोसा धरला. बायकांच्या दोन फळ्या पडल्या. राघोत्तमनी एकदा मामींचा दोरा ढिला असल्याची तक्रार केली आणि लगेच दुसऱ्या फळीनं त्यांना गप्प बसवलं. शेवटी अन्नपूर्णाबाईंचे तीन हरभरे पलीकडे पोचले आणि मामींचे दोन. मामींनी तिथल्या तिथे दुसरा डाव मागितला.

त्या डावात राघोत्तमची सहाची गाडी गेली. त्यांनी रात्रीच्या बसचं बघू म्हटलं आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"हा खेळ मी छापतों," ते म्हणाले. "पण बनवला कोणी? नांव कोणाचं घालूं?"

उदयसिंह प्रामाणिक होता. आईचं घाला, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"उदयाचंच," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं त्यानंच केला. मीं फक्त मांडला."

नियमावली चौसष्ट पानांवरून एकावर आली. ती लिहायला उदयसिंहला पुढचे सगळे दिवस लागले. कारखान्यातून आला की तो कोलूसमोर गजऱ्याचा दोरा घेऊन बसे, कुठल्या गच्चीवरून काय दिसतं ते मोजे आणि वहीत टिपे. मामी रोज संध्याकाळी चाचणीला येत, स्वतःचे हरभरे घेऊन. पानावरचा पहिला नियम होता, एकदा मांडलेला शिपाई हलवायचा नाही.

दशमीला आरती झाली. आता रीतीप्रमाणे एक बाहुली आडवी करून निजवायची आणि दुसऱ्या दिवशी कोलू उतरवायचा. अन्नपूर्णाबाई गुडघा सांभाळत वाकल्या आणि त्यांनी शेवटच्या पायरीकडे हात नेला. उदयसिंहनं त्यांचं मनगट धरलं.

"आई, हलवू नकोस. ट्रान्सफॉर्मरची बाजू मोजायची राहिलीय. अजून आठ दिवस राहू दे."

देविकाला हसू आवरेना. अन्नपूर्णाबाईंनी मात्र शांतपणे आपला हात सोडवून घेतला, कॅप्टनला उचललं, त्याची पगडी नीट केली आणि त्याला टपरीशेजारी आडवं केलं. घड्याळाचा हात उशाला आला.

"मोज उद्यां," त्या म्हणाल्या. "आज निजूं दे त्यास. तीन वर्षं जागा आहे."

उदयसिंहनं दोरा गुंडाळून खिशात ठेवला. दुपारचे दोन वाजले होते. जेवण झाल्यावर तो कोलूसमोरच्या चटईवर जरा टेकला, आणि संध्याकाळी अलमेलू मामी हरभरे घेऊन आल्या तरी त्याची झोप मोडली नाही.