दुसरी हाक

आमचे गिरणीवाले बबनमामा रोज दुपारी स्वतःलाच जेवायला बोलावतात, तेही मानानं. गिरणी बंद करायची, दारात जायचं, आत तोंड करून ओरडायचं, "आवो, चला जेवाया!" मग आत येऊन डबा उघडायचा. दळणाला आलेली माणसं हसतात. मामा ढिम्म. "बोलावल्याबिगर जेवायची आमच्यात रीत न्हाई."

गिरणीही साधी नव्हे. अंबाजोगाईच्या छावणीत गोऱ्या साहेबांनी बांधलेलं हे छोटं चर्च. पलटण गेली, मग इथं धान्याचं गोदाम झालं, पुढं मामांच्या वडिलांनी ते घेतलं. पाद्री उभा राहायचा तिथं आता पट्टा फिरतो. उंच टोकदार कमानी, लांबट खिडक्या, सगळ्यावर पिठाचा थर. चपला मात्र बाहेर. "घर देवाचं हाय. आमी भाडेकरू."

बाजरीवर गहू दळला म्हणून भांडायला आलेल्या बायकाही अनवाणी भांडतात. त्यांना मामांचं एकच उत्तर, "आदी वर बघा. एक खिळा न्हाई, दगडानं दगड धरलाय!" वर बघता बघता बायका भांडण विसरतात आणि बाजरीमिश्रित पीठ घेऊन घरी जातात.

यंदा त्यांचा मुलगा संतोष हट्टाला पेटला. कमानींखाली पीओपीचं छत ठोकायचं, म्हणजे खिडक्यांतून शिरून वर घरटी करणाऱ्या पाकोळ्यांची घाण पिठात पडणार नाही. पोराचं काही चुकत नव्हतं. पण मामा इरेला पेटले. "खऱ्या छताखाली खोटं छत कावून?" बापलेकांचं बोलणं बंद झालं. शेवटी संतोषनं मला, शेजाऱ्याला, मामांची समजूत घालायला धाडलं. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

गेलो ती नेमकी जेवणाची वेळ. मामा दारातून ओरडले, "आवो, चला जेवाया!" हाक कमानींत घुमली आणि वरून परत आली. ती ऐकूनच मामा हात धुवायला वळले.

"मामा, हे काय खूळ?"

"तुमची मामी डबा आणायची. दारातून एकदाच हाक मारायची. पयल्या हाकेला मी कदी उठलो न्हाई, लई आळशी. दुसरी हाक कमान द्यायची, तवा उठायचो." मामांनी भाकरी मोडली. "मामी गेली. पयली हाक आता मीच मारतो. दुसरी तरी राहू द्या."

पीओपीचा विषय मी मनातच गुंडाळला. संतोषला खिडक्यांना जाळ्या मारायला सांगायचं, एवढं मी तिथंच ठरवलं.

मामांनी अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली.

"बसा की. हाक तुमालाबी आली न्हवं?"