कापसात ठेवलेला लॅपटॉप

लॅपटॉप घेण्याआधी बबलू तीन महिने तुलना करत बसला, ते त्याच्या आईनं, रुपीबाईनं, एकवेळ सोसलं. पण लॅपटॉप घरात आल्यानंतरही तो तुलनाच करत बसला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. लग्न लागून नवरी घरात आली आणि नवरदेव उंबऱ्यावर बसून शेजारच्या तांड्यातल्या पोरी आठवतोय, असला तो प्रकार. सकाळी चहाचा कप हातात, मोबाइल गुडघ्यावर आणि तोंडी एकच जप. त्या दुसऱ्याचा पडदा उजळ होता, त्या तिसऱ्याचं वजन निम्मं होतं, आणि आपल्या घरात येऊन पडला तो निव्वळ पाटा.

"पाटा हाय तं मिरच्या वाट त्याच्यावर," रुपीबाई म्हणाली. "पन गप बस."

तुलनेचा हा रोग काही बबलूला जन्मजात नव्हता. मागल्या मृगाला कपाशीचं बियाणं आणायला तोच गेला होता. पाकिटावरचं टपोरं बोंड पाहिलं, उभ्या उभ्या पाकिटं उचलली आणि जेवायच्या वेळेला गडी घरी परत. दसऱ्यानंतर बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी, डाकबंगल्यात साहेब उतरावा तशी ऐसपैस. खरं तर त्या साली तांड्यात कोणाचंच शेत वाचलं नव्हतं. पाकीट कोणतंही असो, अळी तीच. पण रुपीबाईनं नवऱ्यासमोर आणि सुनेसमोर एक वाक्य टाकलं होतं, की फोटो पाहून लगन कराचं नसते बाप्पा. ती बोलून विसरली. बबलू विसरला नाही. तेव्हापासून त्याला साबणाची वडीसुद्धा एका दमात घेता येईना.

आणि नेमकं आता घाईचं काम निघालं होतं. महागावच्या जिनिंगमधला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, कारकून पोरगा काम सोडून पुण्याला निघून गेला. तिथले मॅनेजर वामनराव यांनी बबलूला निरोप दिला होता की तू कॉम्प्युटर शिकलेला आहेस, सोमवारी ये, पण यंत्र स्वतःचं आण. नसेल तर दुसरा पाहतो. त्या घरात त्या साली हाताशी येईल असं पीक तेवढंच राहिलं होतं. म्हणून घरच्या बकऱ्या बाजारात गेल्या आणि रुपीबाई स्वतः पोराला घेऊन पुसदला गेली. एकट्याला सोडला असता तर तो दुकानातच म्हातारा झाला असता.

दुकानात बबलूनं प्रत्येक लॅपटॉप उचलून हातावर तोलला, पडदा या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला, जणू नवरा मुलगा तिरळा तर नाही ना हे बघतोय. पडला तर कोणता फुटतो, प्रवासात कोणता जड होतो, उन्हात कोणत्याचं दिसतं, असं सगळं विचारून झालं. दुकानदारानं सगळ्यांचंच कौतुक केलं. बियाण्याच्या दुकानदारानंही मागल्या साली सगळ्यांचंच केलं होतं. रुपीबाई स्टुलावर बसून ऐकत होती. शेवटी ती उठली.

"भाऊ, तू सोता कोनत्याच्यावर काम करतं?"

दुकानदारानं आपल्या टेबलावरच्या एका जाड, काळ्या, अक्षरं पुसून गेलेल्या यंत्राकडे बोट केलं. ते विकायचं नाही म्हणाला, फार जुनं झालंय.

"जुना हाय अन् अजून मेला नाही. थोच दे."

दुकानदार हसला, मग विचारात पडला, आणि मग त्यानं तो दिला. जाताना मात्र बबलूचा पडलेला चेहरा पाहून तो एक गोष्ट बोलून गेला, की आठ दिवसांत नाही आवडला तर आणून द्या, वरचे पैसे भरा आणि दुसरा न्या. हे तो बोलला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारण बबलूनं घरी आल्या आल्या ठरवलं की हा वापस करायचा. कोणता आणायचा ते मात्र ठरत नव्हतं. तो पुसदला गेला असता तर दोन नव्या लॅपटॉपांच्या मध्ये रडका चेहरा करून उभा राहिला असता आणि तिकडे सोमवार उलटून गेला असता, हे रुपीबाईला लख्ख दिसत होतं. तेव्हा तिनं लॅपटॉप लपवायचं ठरवलं. सोमवारी सकाळी हातात द्यायचा आणि त्याच पावली महागावच्या जीपमध्ये बसवायचा.

पण लपवायचा कुठं? घरात जागा अशी नव्हतीच. पुढच्या खोलीत कापसाची गंजी आढ्यापर्यंत गेलेली. त्याच अळीच्या सालचा, भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस. दिवाळी गेली, संक्रांत गेली, भाव काही चढला नाही, फक्त घरादाराच्या अंगाला खाज सुटली. तिचा नवरा पूनमसिंग रोज गंजीसमोर खाट टाकून बसायचा आणि रोज संध्याकाळी म्हणायचा, अजून थांबू. बाप भावाची वाट पाहतोय, पोरगा पडद्याची, आणि चूल पेटवायची बायांनी. रुपीबाईनं आपल्या लग्नातल्या जुन्या फेटियाचा, आरसे लावलेल्या घागऱ्याचा, एक तुकडा काढला, त्यात लॅपटॉप गुंडाळला आणि गंजीच्या तळाशी, भिंतीच्या कडेला, कोपरापर्यंत हात घालून आत सारला. सोनं ठेवलं असतं तर तिथंच ठेवलं असतं. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवारी दारव्ह्याकडून निरोप आला, थोरली बहीण भुरीबाई हिचा नवरा वारला. रुपीबाई गेली. रडायला आलेल्या बायांनीही तिथं आधी कापसाचा भाव विचारला आणि मग गळा काढला. दिवसच तसे होते.

सोमवारी पहिल्या जीपनं ती परतली. दारात पाय ठेवला आणि "राखी" म्हणून हाक मारली, तर हाक घुमली. तिच्या घरात हाक कधी घुमत नसे. पुढची खोली रिकामी होती. भिंती, जमीन, कोपरे, सगळं उघडं. सून राखी झाडणीनं उरलीसुरली रुई गोळा करत होती आणि तिचा चेहरा किती दिवसांनी फुलला होता. तिनं हौसेनं सांगितलं की काल संध्याकाळी महागावला भाव थोडा वर गेला अशी बातमी आली, आणि मामंजींनी कोणाला न विचारता, आपल्या मनानं, पिकअप बोलावली. लाईट गेली होती, तरी चादरींच्या मोठमोठ्या गाठोड्या करून अंधारातच भरली. बबलूही गाडीसोबत गेला. जाताना त्यानं लॅपटॉप सगळीकडे शोधला, कोठीत, पेटीत, पाण्याच्या रांजणातसुद्धा हात घालून पाहिला. तुम्ही कुठं ठेवला?

रुपीबाई भिंतीच्या कडेला गेली आणि जिथं गंजीचा तळ होता ती जमीन हातानं चाचपू लागली. राखीला वाटलं, कापूस न विचारता विकायला नेला म्हणून सासू दुखावली. तिनं समजूत घातली की मामंजींनी वर्षात पहिल्यांदा काही ठरवलं, रागावू नका. रुपीबाईनं मनात म्हटलं, वर्षभर ठरवलं नाही, मुहूर्त बरोबर कालचाच सापडला. राखीनं बबलूला फोन लावला. तो काही उचलेना.

चौकात महागावची जीप उभी होती, पण भरल्याशिवाय ती हलत नसे. रुपीबाईनं पानटपरीवर बसलेल्या चौघांना असं काही फैलावर घेतलं की ते मुकाट्यानं आत जाऊन बसले. त्यांतल्या दोघांना महागावला जायचंच नव्हतं. अर्ध्या रस्त्यात एकानं तसं सांगून पाहिलं. रुपीबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग तोही महागावला आला.

वाटेत तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. यंत्र चालू आहे, कापूस आत जातोय, आणि कापसामागून लोखंड. जिनिंगमध्ये एक ठिणगी उडाली तर गावभर धूर दिसतो. आणि समजा तसं नाही झालं, नुसतंच कोणाच्या हाताला लागलं, तर लोक काय म्हणतील? वजनासाठी कापसात दगड घालणारे लोक तिनं पाहिले होते. त्यांची नावं ती आजही थुंकून घ्यायची. तिच्या कापसात उभ्या जन्मात कधी पाचोळासुद्धा सापडला नव्हता.

ती फाटकातून आत शिरली तेव्हा हाताला लागून झालं होतं.

गाड्यांची रांग थांबली होती. पिकअप अर्धी रिकामी, खाली कापसाचा ढीग, ढिगाभोवती माणसं, आणि मध्ये वामनराव, बाही खांद्यापर्यंत वर सारलेली. त्यांच्या एका हातात लॅपटॉप होता, आणि दुसऱ्या हातातला फेटियाचा तुकडा उन्हात चमचम करत होता. कापड कोण्या समाजाच्या बाईचं ते सांगायची कोणाला गरज नव्हती, आणि कोणाच्या बायकोचं ते पूनमसिंगला कळलं होतं. तो मान खाली घालून उभा होता. वामनराव विचारत होते, हे कोणाचं. प्रश्न ते बबलूकडे पाहून विचारत होते.

बबलू इथंही तुलना करू लागला. आमचं म्हणावं तर बापाची अब्रू जाते आणि नोकरीही. आमचं नाही म्हणावं तर लॅपटॉप जातो, आणि तरीही नोकरी जाते. पुसदच्या दुकानात दोन पडद्यांमध्ये उभा होता तेव्हाचाच चेहरा. हा आता दिवस मावळेपर्यंत इथंच उभा राहणार, हे रुपीबाईनं दुरूनच ओळखलं.

"माहं हाय थे," ती म्हणाली आणि माणसांमधून पुढं आली. "मीच ठेवलं."

"कापसात?" वामनराव म्हणाले. "लॅपटॉप कोणी कापसात ठेवतं का, बाई?"

"मंग कायच्यात ठेवू? घरात दुसरं काही होतं काय?"

रांगेतला कोणी तरी हसला आणि लगेच गप्प झाला. त्याच्याही घरात दुसरं काही नव्हतं.

वामनरावांनी आवाज चढवला. हे मशीनमध्ये गेलं असतं तर काय झालं असतं, वजन वाढवायला लोक काय काय करतात ते आम्हाला माहीत आहे, असं ते बरंच बोलले. रुपीबाईनं त्यांना संपू दिलं.

"वजन वाढवाचं असतं तं गोटे घातले असते, साहेब. औंदा वावरात गोटेच तं पिकले. पोराचा लॅपटॉप कायले घातला असता?"

हातातलं यंत्र वामनरावांनी सहज उघडलं आणि बटण दाबलं. कीबोर्डच्या खटक्यांमधून रुईचे तंतू बाहेर आले होते, म्हाताऱ्याच्या कानातले केस यावेत तसे. लॅपटॉपनं थोडा विचार केला, घुरघुर केली आणि तो सुरू झाला.

वामनराव बघत राहिले. त्यांच्या ऑफिसातलं यंत्र पंख्यात रुई जाऊन कालच बंद पडलं होतं. त्याच्या आधीचं दिवाळीत. चकचकीत, पातळ, महागातली यंत्रं. जिनिंगच्या हवेत एकही हंगाम काढत नव्हती. हा पाटा मात्र कापसाच्या पोटात राहून, गाठोडीत बांधून, पिकअपमधून आपटत, रात्रभर रांगेत थांबून आला होता, आणि विचारत होता की काम काय आहे.

त्यांचा राग उतरला. पण मॅनेजर माणूस, लगेच तसं दाखवणार कसा? त्यांनी बबलूला ढिगाजवळ बोलावलं.

"यंत्र पास आहे," ते म्हणाले. "आता तुझं बघू. हा ढीग कोणाचा ते विसर आणि सांग, चांगला लिहायचा की कवडी?"

अळीनं खाल्लेल्या, डाग पडलेल्या कापसाला तिकडे कवडी म्हणतात. भावही साधारण नावाप्रमाणेच मिळतो. रांगेतली माणसं जवळ सरकली. पूनमसिंगनं मान वर केली. अख्ख्या वर्षात त्यानं पोराकडे असं पाहिलं नव्हतं.

रुपीबाईला वाटलं, आता हा तासभर घेईल. आज पहिल्यांदा तिला वाटलं की घ्यावा.

बबलूनं ढिगात हात घातला, एक पुंजका उचलला, दोन बोटांत ओढला. धागा तुटला. सरकी दाबली, ती पोकळ निघाली. आतला पिवळा डाग त्यानं उन्हात धरला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही.

"कवडी," तो म्हणाला.

वामनरावांनी मान हलवली आणि ऑफिसातली खुर्ची दाखवली. बबलू आत गेला, लॅपटॉप टेबलावर ठेवला, खटक्यांमधली रुई फुंकून उडवली आणि लिहू लागला. बाहेर पूनमसिंग पिकअपच्या सावलीत जाऊन बसला. पोरगं खोटं बोललं नव्हतं. वेचताना रुपीबाईनंही तो डाग पाहिला होता आणि मूठ मिटून घेतली होती.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. शाळा तिला फार लाभली नव्हती, पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून लिहून दाखवण्यापुरतं ते शिकली होती. ते नाव पडद्यावर होतं, आणि त्याच्यापुढं तीन अक्षरं. बबलूला तिची सावली जाणवली, त्यानं वर पाहिलं.

"पडदा अंधुक हाय म्हनत होता ना," रुपीबाई खिडकीतून म्हणाली. "इथून मले तुह्या बापाचं नाव साफ दिसून राह्यलं. म्होरं तुनं काय लिवलं थेबी. तीन महिने तुले एक डबडं ठरवता नाही आलं, अन् बापाचा कापूस एका दमात नापास केला. झाला बाप्पा तू नोकरीच्या लायक. आता कर नोकरी, अन् हा काही वापस नेऊ नोको."