गभणे सरांचा ओरखडा

गभणे सरांकडे चहाला जाताना आमची अख्खी कॉलनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकते. सरांच्या खिशात पेनाशेजारी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची एक लेखणी असते. समोर कुठलीही वस्तू आली, की तिच्यावर ती ओढून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

कॉलेजात धातूंची संयुगं शिकवून सर निवृत्त झाले. त्यांची कार्बाइडं नि नायट्राइडं मात्र झाली नाहीत. माझ्या नव्या मोबाइलची काच, बँकेचं काउंटर, जावयाच्या गाडीचं बॉनेट, सगळीकडे सरांची सही आहे. ओरखडा उमटला की निकाल ठरलेला: "नरम हाये गा."

आमच्या भाचीच्या साखरपुड्यात तर त्यांनी खिशातून सोनेरी ड्रिल बिट काढून विहीणबाईंना दाखवलं. हा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा, लोखंड कापताना तापला तरी हटत नाही. तुमचं सोनं काय, दातानं दबते. विहीणबाई पंगत उठेपर्यंत बांगड्या पदराखाली धरून बसल्या होत्या.

एकदा लेखणी फरशीवर पडून टोकाचा टवका उडाला. कडक वस्तू वाकत नाही, थेट तुटते, हे सर आम्हाला समजावत राहिले. नवी लेखणी येईपर्यंत समजूत मात्र आम्हीच त्यांची काढत होतो.

भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात राहून पितळेला नावं ठेवणारा हा एकटाच माणूस. पण त्यांच्याच ओट्यावर पाण्याचा एक काळाठिक्कर पितळी गडवा होता. त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या माहेरचा, वहिनींचं नाव कोरलेला. वर्षानुवर्षं घासून ते पुसट झालं होतं. वहिनी गेल्यापासून सर तो कुणाला घासू देत नसत. उरलंसुरलं नावही जाईल, ही त्यांना धास्ती.

हे ठाऊक नसलेल्या आमच्या हिला दिवाळीत सरांची माया आली. सरांच्या नकळत चिंच-मीठ लावून तिनं गडवा लखलखीत करून दिला. नाव जवळजवळ गेलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, सर, तुमची लेखणी आहे ना, गिरवून टाका.

सरांनी गडवा मांडीवर घेतला. बँकेचं काउंटर ओरबाडणारी ती लेखणी त्यांनी त्यावर अलगद टेकवली. श्वास रोखून त्यांनी तीन अक्षरं गिरवली. मी वाकून पाहिलं, तर पितळेवर साधी रेघ नव्हती.

"सर, थोडा जोर द्या ना."

त्यांनी लेखणीला टोपण लावलं आणि त्या पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"नको," ते म्हणाले. "नरम हाये गा. तिले लागन."