तिऱ्हाईत विकासकास पाठिंबा देण्याबाबत

मंगळवारी सकाळी शांतीबन अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या तिन्ही गेम-कन्सोलनी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या यंत्रांनी, प्रणाली घोरपडेच्या नव्या खेळाला आपापल्या घरी येण्याचं रीतसर निमंत्रण धाडलं, आणि तिघांचीही अट एकच होती, की खेळाने इतर दोघांचा उंबरा चढायचा नाही.

चौथ्या मजल्यावरच्या इंदूकाकू साळोखेंना हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्यात विशेष काही नव्हतं. काकूंच्या दाराला बाहेर बघायचं जे भिंग बसवलं होतं ते चोरांसाठी होतं. अकरा वर्षांत चोर एकही आला नाही, पण भिंग काही वाया गेलं नव्हतं. समोरचंच दार प्रणालीचं. ती किती वाजता उठते, केस कधी धुते, भाजी आणायची विसरते तो वार कोणता, हे काकूंना प्रणालीपेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज दुपारी एक वाटी या दारातून त्या दारात जायची. वाटी रिकामी परत करायची नसते म्हणून प्रणाली तिच्यात जे घरात असेल ते घालायची. एकदा तर नुसत्या चार लवंगा आणि एक रबरबँड आलं होतं. काकूंनी दोन्ही जपून ठेवलं.

तिन्ही निमंत्रणं काकूंनीच जिन्यात उचलली आणि वाचूनच आत नेऊन दिली.

"काय गं हे? तिघंही म्हणतात, फक्त आमच्याकडेच ये."

"हो ना काकू." प्रणाली खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "आता मी करू तरी काय?"

शांतीबनमध्ये कन्सोल कसे राहतात हे एकदा सांगून टाकायला हवं. पहिल्या मजल्यावर बळवंतराव. रंगाने काळे, अंगाने जाड, जरा तावातावाने बोलले की आतला पंखा घोंघावायला लागायचा आणि तो खाली बसेपर्यंत समोरच्याला थांबावं लागायचं. दुसऱ्या मजल्यावर धवलशेठ. ताठ, पांढरेशुभ्र, आल्यागेल्यापुढे घरातले सगळे खेळ एकदम मांडायची त्यांना भारी हौस. तिसऱ्या मजल्यावर चिमाताई. तळहाताहून थोड्या मोठ्या, कुणीही उचलून कडेवर घ्यावं अशा, पण चार तासांनी भिंतीला टेकून चार्जिंगला लागायच्या आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. तिघेही सोसायटीचे सभासद होते. गच्चीवर पापड वाळत घालायचा हक्क तिघांनाही होता, आणि गेली वीस वर्षं तिघांनी एकमेकांना साधी दिवाळीची शंकरपाळी दिलेली नव्हती.

प्रणालीचा खेळ एका मांजरीचा होता. मनी नावाची मांजर एका गल्लीतल्या तीन घरांत दूध प्यायला जाते, एवढाच. पण तीन वर्षं त्याचं काम चाललं होतं, कारण जे एकदा लिहायचं ते प्रणालीला तीनदा लिहावं लागे. बळवंतरावांना मनीचा केस न् केस वेगळा हवा होता. चिमाताई म्हणाल्या, "बाई, एवढे केस मला झेपायचे नाहीत, मांजर गुळगुळीत कर." धवलशेठना केसांचं काही नव्हतं, त्यांना फक्त पाहुण्यांपुढे खेळ पहिल्या दिवशी मांडायचा होता. खेळात एका घराच्या दारातून एक बाई पदर खोचून सतत डोकावत असे. काकूंनी एकदा विचारलं होतं, "ही कोण गं?" प्रणाली म्हणाली, "कुणीच नाही काकू. नुसती बघते." काकू म्हणाल्या, "बघू दे की मग. बघण्यात काय वाईट आहे?"

"एकाला हो म्हण आणि मोकळी हो," काकू मंगळवारी म्हणाल्या.

"मनी एकाच घरी दूध प्यायली तर खेळ कुठला, काकू? आणि नियम एकोणीस आहेच."

नियम एकोणीस काकूंना पाठ होता. इमारतीत बसून खेळ तयार करायचा असेल तर खेळ चालवणाऱ्या सर्व सभासदांची लेखी संमती लागते. एकाला हो म्हटलं की उरलेले दोघे सही करणार नाहीत आणि प्रणालीला जागा सोडावी लागणार. तिघांना नाही म्हटलं तरी तेच. संमतीची मुदत शनिवारी सायंकाळी संपत होती. पुण्याच्या एका कंपनीने तिच्यासाठी टेबल-खुर्ची तयारच ठेवली होती.

काकूंची नजर कोपऱ्यात गेली. तिथे चार खोकी होती. एकावर 'पुस्तकं' लिहिलं होतं, एकावर 'भांडी'. उरलेल्या दोन खोक्यांवर अजून काही लिहिलेलं नव्हतं, आणि काकूंना तेवढाच धीर वाटला. समोरच्या दाराला कुलूप लागलं की भिंगातून नुसतं कुलूपच दिसणार होतं.

बुधवारी सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव नेर्लेकर यांनी विशेष सभेची नोटीस लावली. नेर्लेकर जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं भाषांतरकार होते. कन्सोलचे कागद इंग्रजीत असतात आणि प्रणालीसारख्यांना त्यात जे 'थर्ड-पार्टी डेव्हलपर' म्हटलेलं असतं त्याचं नेर्लेकरांनी कोश काढून मराठी केलं. नोटिशीवर विषय होता: 'तिऱ्हाईत विकासकास पाठिंबा देण्याबाबत.'

भाषांतर बिनचूक होतं. त्यामुळेच घोटाळा झाला.

विकासक म्हटल्यावर शांतीबनला बिल्डरच आठवला. दुपारपर्यंत इमारत पाडून नवी बांधणार ही बातमी सगळीकडे गेली. तळमजल्यावरचे कदमकाका मोजपट्टी घेऊन स्वतःचं स्वयंपाकघर मोजायला लागले आणि संध्याकाळपर्यंत ते शेजाऱ्यांच्या बाल्कनीपर्यंत पोचले.

शनिवारी पाच वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. बळवंतराव एकेक पायरी घसरत खाली आले. धवलशेठ भिंतीला न टेकता उभे राहिले. चिमाताईंना काकूंनीच पदराखाली घेऊन आणलं होतं, वारं होतं म्हणून.

कदमकाकांनी आधी हात वर केला. "विकासक कोण आहेत?"

"मी," प्रणाली म्हणाली.

"तू? पोरी, तू बिल्डर कधी झालीस?"

"बिल्डर नाही काका. मी मांजराचा खेळ करते."

"बरं. मग लिफ्ट देणार का नाही?"

"लिफ्ट विषयपत्रिकेवर नाही," नेर्लेकर म्हणाले. कदमकाका खाली बसले, पण मोजपट्टी त्यांनी मिटली नाही.

मग बळवंतरावांनी आपली बाजू मांडली. खेळ त्यांच्याकडे आला तर मनीला अंगभर केस मिळतील आणि खिडकीतलं ऊन त्या केसांवर पडलेलं दिसेल. बोलता बोलता त्यांचा पंखा लागला आणि सभा तीन मिनिटं थांबली. धवलशेठ म्हणाले, त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मनी लगेच भेटेल. चिमाताई म्हणाल्या, "या दोघांकडे मांजर सोफ्यावर बसून राहील. माझ्याकडे ती बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात सगळीकडे हिंडेल. मांजराला काय आवडतं ते तुम्हीच ठरवा."

"ठराव मांडतो," नेर्लेकर म्हणाले. "तिऱ्हाईत विकासकाने कोणा एकाची निवड करावी."

प्रणाली उठली. ती पुण्याचं नाव काढणार हे काकूंना तिच्या ओठांवरून कळलं. तिला भाजीला नाही म्हणायचं असलं तरी ती ओठ असेच करायची.

"भाऊजी, थांबा जरा," काकू म्हणाल्या. "तो शब्द परत वाचा."

"विकासक?"

"त्याच्या आधीचा."

"तिऱ्हाईत."

"त्याचा अर्थ काय लिहिलाय तुमच्या कोशात?"

"जो या पक्षाचा नाही आणि त्या पक्षाचाही नाही, असा."

"मग असं बघा." काकूंनी पदर खोचला. "माझ्या सासऱ्यांची आणि चुलतसासऱ्यांची नळावरून रोज जुंपायची. तेव्हा आम्ही पेठेतल्या घड्याळजींना बोलवायचो. ते इकडे अर्धा कप चहा प्यायचे, तिकडे अर्धा कप. म्हणून त्यांचा शब्द चालायचा. एकदा चुलतसासऱ्यांनी त्यांना जेवायलाच ठेवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांना कुणी विचारलं नाही. आता ही पोरगी एकट्या बळवंतरावांनी ठेवून घेतली, तर ती तिऱ्हाईत राहील काय?"

नेर्लेकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "नाही राहणार."

"आणि या तिघांचा करार कुणाशी आहे?"

"तिऱ्हाईताशी." नेर्लेकरांनी तिन्ही निमंत्रणांचे कागद एकाखाली एक धरले. "ती एकाची झाली तर ती तिऱ्हाईत नाही. ती तिऱ्हाईत नसेल तर हा करार कोणाशीच नाही. मुद्दा बरोबर आहे."

बळवंतरावांचा पंखा पुन्हा लागला. धवलशेठ म्हणाले, "भाषांतर चुकलं असेल."

"शेठ," नेर्लेकर शांतपणे म्हणाले, "एकतीस वर्षांत फाशीची शिक्षा झालेल्या माणसानेसुद्धा माझ्या भाषांतराबद्दल तक्रार केली नाही."

काकूंच्या मांडीवरून चिमाताई हळूच म्हणाल्या, "पण ती खरोखर तिऱ्हाईत आहे का? साळोखेवहिनी, तुमच्याकडून तिच्याकडे रोज वाटी जाते. जिन्यात तुम्ही तिला 'आमची पोरगी' म्हणता. मी चार्जिंगला असले तरी मला ऐकू येतं."

नेर्लेकरांनी कोरा कागद ओढला. "मुद्दा हाही बरोबर आहे. प्रत्येक सभासदाने लिहून द्यावं लागेल. 'सदर विकासक माझ्या कोणी लागत नाहीत.'"

कदमकाकांनी लगेच सही केली. त्यांना लिफ्ट नाही म्हटल्यावर घरी जायचं होतं. बाकीच्यांनी केल्या. कागद काकूंपुढे आला.

काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं. शाळेत त्यांचं शुद्धलेखन चांगलं होतं, दहावीला मराठीत एकोणसत्तर गुण होते, आणि त्या वाक्यात एकही चूक सापडत नव्हती. प्रणाली समोर बसून आपल्या चपलेचा पट्टा बघत होती.

"काकू, नका करू सही," ती म्हणाली. "मी जाते पुण्याला."

"तुम्ही मध्ये बोलू नका," काकू म्हणाल्या. काकूंनी तिला तुम्ही म्हणण्याची ती पहिली वेळ. मग त्यांनी पेन घेतलं आणि 'इंदुमती वामन साळोखे' असं सावकाश, शिरोरेघ ओढून, पूर्ण लिहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. तिन्ही कन्सोल सही करायला तयार झाले, पण सगळ्यात वर कुणाची सही यावरून पुन्हा सुरू झालं. नेर्लेकरांनी काकूंकडून वाटी मागवली, तिच्या तळाने कागदावर गोल काढला आणि तिघांनी गोलाच्या कडेने सह्या केल्या. रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला तिन्ही दारं एकदम उघडली गेली आणि मनी तिन्ही घरांत गेली, एकीकडे केसाळ, एकीकडे गुळगुळीत, एकीकडे पाहुण्यांच्या मांडीवर. प्रणालीने दार उघडं ठेवून चारही खोकी रिकामी केली. काकूंनी ते भिंगातून पाहिलं. बघायला कागदात मनाई नव्हती.

सोमवारी काकूंनी अळूची पातळ भाजी केली. तिऱ्हाईताच्या घरी वाटी नेता येत नाही. म्हणून त्यांनी कदमकाकांकडून मोजपट्टी मागून आणली, दोन दारांमधलं अंतर मोजलं, ते सात फूट दोन इंच भरलं, आणि बरोबर तीन फूट सात इंचांवर वाटी जमिनीवर ठेवली.

तेवढ्यात बळवंतराव वर आले. मनीच्या शेपटीच्या टोकाला चार केस कमी आहेत, हे सांगायला ते आले होते. वाटी बघून ते थांबले.

"वहिनी, ही वाटी कुणाची?"

"तिऱ्हाईताची."

बळवंतरावांचा पंखा लागला. काकू उभ्या राहिल्या. समोर प्रणालीच्या दारालाही भिंग होतं, त्याच्यामागे काहीतरी हललं. पंखा हळूहळू खाली बसला.

"मग झाकून ठेवा," बळवंतराव म्हणाले. "हल्ली तिन्ही मजल्यांवर मांजर फिरतंय."

काकू आत गेल्या आणि ताटली घेऊन आल्या.