आइसलँड बेट पुंडलिकनगरी उतरले त्याची हकीकत

हकीकत ऐसीजे. छत्रपती संभाजीनगर शहर, पुंडलिकनगर महाल, तेथील शाळेत भूगोलाची खोली म्हणोन एक ठाणे होते. ठाण्याच्या किल्लेदार मुबश्शिरा मॅडम. खोलीत चार फाटके नकाशे आणि एक पृथ्वीगोल, त्यावरील अर्धी आफ्रिका उंदरांनी खाल्लेली, ऐसी दौलत. बाई बोलण्यास तिखट, परंतु भूगोलावर जीव ओवाळणाऱ्या. संस्थेचे अध्यक्ष सांडू पाटील, वतन देवगाव रंगारी, शेतीवाडी थोर, यांचे मनी आले की भूगोल मोबाइलात मिळतो, मग खोली कशास? तेथे मोडकी बाके ठेवावी, ऐसे फर्मान निघाले. बाईंनी ऐकोन अन्न टाकिले, चहा मात्र घेत राहिल्या. मग अर्ज केला की शाळेच्या प्रदर्शनात आइसलँड बेट उभे करिते, साहेबांचे मन भरले तर खोली राखावी, न भरले तर किल्ली खाली ठेविते. साहेबांनी मान्य केले.

बेट बहुत अजब. उत्तर समुद्रातून ज्वालामुखीने वर आणिलेले, मस्तकी बर्फ, पोटी आग. बर्फ वितळोन नद्या वाहती आणि कड्यांवरोन उड्या घेती, आणि भुईतील उकळते पाणी आपखुशीने आभाळास जाते. बाईंनी थर्माकोल, काळा रंग आणि मुलींची कुमक घेऊन बेट रचिले, आणि आत कूलरची मोटर दडवोन धबधबा सोडण्याची मसलत केली. मसलत उत्तम, परंतु ऐन दिवशी शाळेची टाकी ठणठणीत कोरडी. नळाची पाळी हुकली होती. बेटाभोवती समुद्र म्हणोन निळी परात तेवढी उरली.

आदले दिवशी बाईंनी आपले खाविंद शफीकमियां, औरंगपुऱ्यात विजेच्या सामानाचे दुकानदार, यांस फोनवर सांगितले होते की बेटावर गीझर पाहिजे. बाईंचे मनी उकळत्या झऱ्याचा फवारा, आणि त्यास लागणारी बारीक नळी. मियां आज्ञाधारक. त्यांनी प्रदर्शनाचे सकाळी घरच्या न्हाणीघराच्या भिंतीवरील गीझर उतरविला, त्याच्या दोन्ही तोंडांत फडकी कोंबिली, आणि लोडिंग रिक्षात घालोन शाळेत दाखल जाहले. बाईंनी कपाळावर हात मारिला.

"अजी, ये क्या उठा लाए?"

"तूइच बोली ना, गीझर होना करके!"

मुली ओढण्या तोंडाशी धरोन हसल्या आणि मियां बहुत कष्टी जाहले. इतक्यात गीझरच्या पोटातून डुबुक ऐसा आवाज आला, आणि बाईंचा राग जागच्या जागी विरला. घरचे नळ कोरडे, परंतु गीझर भरलेला! मग फडकी काढिली, पाणी परातीत उतरविले, मोटर लाविली, आणि आइसलँडच्या नद्या न्हाणीघराच्या पाण्याने खळखळ वाहू लागल्या.

मग पाटीलसाहेबांची स्वारी आली. मागे शिपाई मोडकी बाके घेऊन दारात तयार. बाईंनी पेटता डोंगर दाखविला, साहेबांनी मान डोलाविली. उन्हाळ्यात तेथे रात्रीही उजेड म्हटले, तेही कबूल केले. कोपऱ्यातील गीझरकडे बोट करोन हे काय पुसिले, तेव्हा बाईंनी हिंमत धरोन सांगितले की हा शब्दच मूळ त्या बेटाचा, तेथील गेयसिर नामे झऱ्यावरोन आपल्या न्हाणीघरापर्यंत आला. साहेब खुश जाहले आणि शफीकमियांनी छाती पुढे काढिली. येथेच थांबावयाचे. परंतु बाईंस राहवले नाही.

"आणि साहेब, तिथं नळाला रोज पाणी येतं. दिवसभर. थेट झऱ्याचं, तसंच प्यावं असं."



"बाई," पाटील बोलले, "डोंगर पेटतो, व्हय म्हणलो. रातच्याला उजेड ऱ्हातो, तेबी व्हय म्हणलो. पण रोज पाणी? आमच्या लेकरायला थापा नका शिकवू."

शिपायांनी बाके उचलिली. बाईंनी मुलींकडे पाहिले, तो मुलींसही पटले नव्हते. त्या बाईंची कीव करीत होत्या. हे बाईंस सर्वांहून जिव्हारी लागले. आयुष्यभर खरा भूगोल सांगितला, आणि आता खरे बोलावे तर खोली जाते. बाईंनी हात करोन शिपायांस थांबविले.

"चुकलं साहेब. आठवड्यातून एकदा येतं. त्यालाबी फोर्स नसतो."

"आता कसं बरोबर बोललात!" म्हणोन साहेबांनी खोली कायम केली. बाके माघारी गेली, आणि मुली शफीकमियांचा जयजयकार करित्या जाहल्या.

पुढे सहामाहीस प्रश्न आला, आइसलँडमधील पाण्याचे स्रोत सांगा. अवघ्या वर्गाने लिहिले: नळ, आठवड्यातून एकदा, फोर्स नाही. बाईंनी लाल पेन उचलिले, बराच वेळ तसेच धरिले, आणि मग सर्वांस पूर्ण गुण दिले. ऐसी ही फत्ते, दप्तरी दाखल केली असे.