गजभियेकाकांचे बावीस तास

पहिल्यांदा घरी आलेला माणूस आधी चपला काढतो. गजभियेकाकांनी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि दारातूनच सुनावलं, "तुझ्या दारापासून टॅक्सी स्टँड सहा मिनिटं. लिफ्ट मेली मजल्या-मजल्यावर थांबते. लिहून घे!" नोकरीसाठी सिंगापूरला येऊन तोआ पायोहच्या त्या फ्लॅटमध्ये आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. काका समोरच्या ब्लॉकमधले, जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनियर. मूळचे नागपूरचे, आणि आवाज अजून इंजिनरूममधलाच.

बुद्धजयंतीला बेडोकच्या हॉलमध्ये जेवताना एकजण सहज म्हणाला, "मुंबई काय, साडेपाच तासांवर तर आहे." काका भरल्या ताटावरून उठले. "विमानतळ ते विमानतळ! तुमची आई विमानतळावर राहते काय? घर ते घर बोला!" माझ्या मुलीनेही एकदा शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत त्यांना इंटरनेटवर दाखवलं, "अंकल, फाइव्ह अँड अ हाफ अवर्स ओन्ली लाह." काका म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरला म्हणावं, वर्ध्याला जाऊन दाखव."

वर्धा हे माझं गाव. लवकरच काकांनी आमचा कागद करून आणला. इथला चांगी विमानतळ, मुंबई, तिथे एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायचा वैताग, नागपूर, पुढे गाडी. पुढच्या विमानाची वाट बघण्याचा वेळसुद्धा धरलेला. खाली लाल शाईत 'बावीस तास'. "फ्रिजवर लाव," म्हणाले. ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात असा कागद होता. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, तरी इतक्या घाईने घर कधी गाठावं लागतं ते मनात येऊन बायकोने तो कॅलेंडरच्या मागे लावला. मला तर म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही असंच वाटायचं.

मग एका रविवारी दुपारी बाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी साडेनऊला, दादाचा फोन आला. बाबा गेले. "संध्याकाळी नेतो. तू लांब आहेस, सावकाश ये," तो म्हणाला. मीही "बरं" म्हणून टाकलं. रडूसुद्धा येईना. तेवढ्यात बायकोने बोलावलेले काका आले आणि त्यांनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"काऊन नेता संध्याकाळी? उद्या सकाळी साडेसातला हा तुमच्या दारात उभा राहील. तोवर हलवायचं नाही. बर्फ आणा! पाहुणे खोळंबलेत? खोळंबू द्या! मी कोण? मी शेजारी!"

दादा थांबला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी दारात होतो. बाबांचा चेहरा पाहिला आणि पोटभर रडलो. खांदाही दिला.

परत आल्यावर काकांकडे गेलो. वीस मिनिटं आधी पोचलो हे ऐकून खूश व्हायचं सोडून ते चिडलेच. "म्हणजे माझं गणित चुकलं!" त्यांनी वही काढून दुरुस्ती सुरू केली. मी विचारलं, "काका, हा नाद कधीपासून?"

ते वहीतून वर न बघता म्हणाले, "आई गेली तेव्हा माझं जहाज इथंच सेम्बावांगच्या गोदीत होतं. भावाने विचारलं, थांबू का? मीच म्हटलं, नका थांबू, लांब आहे. कोणी अडवलं नव्हतं रे मला. वर्षभराने बसून मोजलं. एकोणीस तास. पोचलो असतो."

माझे डोळे भरून आले. ते पाहताच काका कडाडले, "रडतो काय? सेम्बावांगला अकोल्याचं नवं कुटुंब आलंय, त्यांचा कागद व्हायचाय अजून. मी जिवंत आहे तोवर या बेटावर एकालाही 'लांब आहे' म्हणू देणार नाही!"